‘कॅथलिक हिंदू की प्रोटेस्टंट हिंदू?’

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुढच्या महिन्यात पुण्याहून उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला नोकरीसाठी निघालाय. टीमच्या व्हिडिओ कॉलवर तिथल्या दोघांनी एकमेकांच्या कॅथलिक-प्रोटेस्टंट असण्यावरून यथेच्छ टिंगल केली, सगळे खिदळले, आणि मग त्यातल्या एकाने तुम्हालाच विचारलं, ‘तू कॅथलिक हिंदू की प्रोटेस्टंट हिंदू?’ तुम्ही नुसते हसलात. आता तिथे पोचल्यावर आपणही असे जोक मारले तर चालतील का?

नाही. निदान पहिली दोन-तीन वर्षं तरी नाही. हसायला हरकत नाही, आणि त्या हिंदूवाल्या प्रश्नाला एखादं उत्तर खिशात ठेवायलाही हरकत नाही. मी इथे चौदा वर्षं काढलीत आणि पहिल्याच वर्षी तोंडावर आपटलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे तो प्रश्न तुमच्यासाठी बनवलेला नाही. मूळ जोक जुना आहे. अंधाऱ्या रस्त्यात एकाला अडवतात, ‘कॅथलिक की प्रोटेस्टंट?’ तो बिचारा सांगतो, ‘मी ज्यू आहे.’ त्यावर पुढचा प्रश्न, ‘ते ठीक, पण कॅथलिक ज्यू की प्रोटेस्टंट ज्यू?’ बाहेरून आलेल्या प्रत्येकाला आपापल्या धर्माप्रमाणे हा शिवून मिळतो. नास्तिकांनाही. आपल्या माणसाला यात पटकन मजा वाटते, कारण ‘ते ठीक, पण आडनाव काय?’ हे ऐकतच आपण मोठे झालोय. इथेही लोक सरळ विचारत नाहीत. नाव, शाळा, राहण्याचा भाग, कोणता खेळ बघता यावरून अंदाज बांधतात. समोरचा दुसऱ्या बाजूचा निघाला की ‘तो दुसऱ्या पायाने खणतो’ असं म्हणतात. फावड्यावर कोणता पाय ठेवता त्यावरून माणसाची बाजू ओळखण्याची ही जुनी म्हण.

यातली माझी सगळ्यात आवडती खूण म्हणजे इंग्रजी एच हे अक्षर. प्रोटेस्टंट लोक ‘एच’ म्हणतात, कॅथलिक ‘हेच’, असा इथला पक्का समज. माझ्या आडनावात एच दोनदा येतो. पहिल्या आठवड्यात फोनवर आडनावाचं स्पेलिंग सांगितलं, तर शेजारच्या टेबलावरून घोषणा झाली, ‘अरे, आपल्याला प्रोटेस्टंट मिळाला!’ पुढे कळलं की इथल्या हॉस्पिटलांमधल्या बऱ्याच मल्याळी नर्स ‘हेच’ म्हणतात, आणि त्यातल्या कितीतरी खरंच कॅथलिक आहेत. म्हणजे केरळ आणि कोकणाच्या उच्चारांनी बेलफास्टचा नियम सिद्ध केला म्हणायचा.

इथवरचे जोक चालतात. ‘डेरी गर्ल्स’ मालिकेत दोन्हीकडच्या शाळकरी मुलांना एकत्र आणून फळ्यावर फरक आणि साम्य लिहायला लावतात, तो प्रसंग बघून ठेवा. साम्य काही सुचत नाही, फरकांनी फळा भरतो. प्रोटेस्टंट टोस्टर कपाटात ठेवतात हा त्यातलाच एक. तो फळा नंतर बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियममध्ये ठेवला. टोस्टरचा जोक आपल्या कोकणस्थ-देशस्थ जोकांच्या जातकुळीतला. चिकटपणा, गबाळेपणा, आमटीत गूळ किती. कोणाचं काही जळत नाही. पण आपल्याकडेही सगळे जातीवरचे जोक कोकणस्थ-देशस्थ नसतात, हे तुम्हाला माहीत आहे. एकाच पंगतीतले दोघे एकमेकांना चिडवतात ते वेगळं. ज्यांना पंगतीतच बसू दिलं नाही त्यांच्याबद्दल आडनाव घेऊन केलेला ‘विनोद’ वेगळा. इथेही हे दोन प्रकार आहेत. पंचाईत अशी की नव्या माणसाला दोन्ही सारखेच ऐकू येतात.

आता माझी गोष्ट. आमच्या टीममधल्या एकाने एका शुक्रवारी पबमध्ये रस्त्यात अडवणाऱ्या बंदूकधाऱ्यांवरचा एक जोक सांगितला. अख्खं टेबल हसलं. पुढच्या बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी तोच जोक, त्याच शब्दांत, आपलाही इंग्रजी विनोद कसा जमतो ते दाखवायला, सांगितला. कोणी हसलं नाही. समोर बसलेल्या बाईंनी सँडविचच्या फॉइलची घडी घालायला सुरुवात केली. अर्धी, मग अर्ध्याची अर्धी, नखाने दाबून दाबून, टपाल तिकिटाएवढी होईपर्यंत. मग कोणीतरी रग्बीचा विषय काढला. तासाभराने चहाची किटली उकळत असताना एक सहकारी हळूच म्हणाला, ‘तिच्या काकांना असंच रस्त्यात अडवलं होतं. ते परत आले नाहीत.’ शुक्रवारी त्या बाई पबमध्ये नव्हत्या, आणि ज्याने जोक सांगितला होता त्याला ते ठाऊक होतं. मला कोणी रागावलं नाही. ते जास्त लागलं. मी माफी मागितली, त्या ‘काही नाही रे’ म्हणाल्या, आणि तो विषय तिथेच मिटला.

तेव्हापासून मला ‘तू कोण?’ हा प्रश्न वेगळा ऐकू येतो. ५ जानेवारी १९७६ ची संध्याकाळ. दक्षिण आर्मामधल्या किंग्जमिलजवळ कापड गिरणीतल्या कामगारांची मिनीबस हत्यारबंद माणसांनी थांबवली. बारा जणांना खाली उतरवून विचारलं, तुमच्यात कॅथलिक कोण? कॅथलिक एकच होता. बाकीच्यांना वाटलं, मारेकरी प्रोटेस्टंट आहेत आणि याला मारायला आलेत. शेजारी उभ्या असलेल्या सोबत्यांनी त्याला पुढे होऊ नकोस म्हणून थांबवायचा प्रयत्न केला. मारेकऱ्यांनी त्याला पळून जायला सांगितलं, आणि उरलेल्या अकरा प्रोटेस्टंट कामगारांवर गोळ्या झाडल्या. दहा गेले. एक जण अठरा गोळ्या लागूनही वाचला. आदल्याच दिवशी दोन कॅथलिक कुटुंबांवर हल्ले झाले होते, त्यात सहा जणांचा जीव गेला. अशी तीस वर्षं, साडेतीन हजारांहून जास्त मृत्यू, आणि तेव्हाची उत्तर आयर्लंडची वस्ती जेमतेम पंधरा लाख, म्हणजे आपल्या नाशिक शहराएवढी. घरात नाही तर गल्लीत, गल्लीत नाही तर ऑफिसात, कोणीतरी निघतंच. हा हिंसाचार थांबवणारा १० एप्रिल १९९८ चा गुड फ्रायडे करार होऊन आता पाव शतक उलटून गेलं, पण पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाने ते दिवस पाहिलेत.

ब्रेडचा किस्सा तुम्ही कदाचित वाचला नसेल. ‘किंग्जमिल’ हा इथल्या ब्रेडचा ब्रँडही आहे. ५ जानेवारी २०१८ ला सिन फेन या आयर्लंडमध्ये जाऊ पाहणाऱ्या, कॅथलिक बाजूच्या पक्षाचे खासदार बॅरी मॅकेल्डफ यांनी एका दुकानात तो ब्रेड डोक्यावर ठेवून, ब्रेड कुठे ठेवलाय असं विचारत फिरण्याचा व्हिडिओ टाकला. तारीख बघा. तो निव्वळ योगायोग, मनात काही नव्हतं, असं ते सांगत राहिले. पक्षाने तीन महिन्यांसाठी निलंबित केलं, आणि दहाच दिवसांत त्यांनी खासदारकी सोडली. एका वाक्याचाही जोक नव्हता, डोक्यावर नुसता ब्रेड होता. इथेच वाढलेल्या, राजकारणात मुरलेल्या माणसाची ही गत, तर तुमच्या-माझ्यासारख्याला कोणत्या शब्दाखाली काय पुरलंय ते कसं कळणार? दुसऱ्या बाजूचं उदाहरणही आहे. २०२२ मध्ये एका ऑरेंज हॉलमधल्या (ऑरेंज ऑर्डर या प्रोटेस्टंट संघटनेच्या सभागृहातल्या) कार्यक्रमात काही जण खून झालेल्या एका नवविवाहित कॅथलिक तरुणीची टर उडवणारं गाणं म्हणत असल्याचा व्हिडिओ बाहेर आला. त्यावर ‘विनोद होता हो’ एवढं म्हणायचीही सोय राहिली नाही. दोन्हीकडच्या लोकांनी झोडपून काढलं.

मग या विषयावर हसायचंच नाही का? तसं म्हणणारे इथे फार भेटणार नाहीत. पॅट्रिक किल्टी या इथल्याच कॉमेडियनचं नाव ऐकलं असेल, आता डब्लिनच्या टीव्हीवर ‘लेट लेट शो’ चालवतात. १९८८ मध्ये, ते शाळेत असताना, त्यांच्या वडिलांना लॉयलिस्ट, म्हणजे ब्रिटनच्या बाजूच्या प्रोटेस्टंट बंदूकधाऱ्यांनी गोळ्या घातल्या. त्यानंतर काही वर्षांतच हा मुलगा बेलफास्टच्या कॉमेडी क्लबच्या स्टेजवर उभा राहून दोन्हीकडच्या अतिरेक्यांची खिल्ली उडवत होता, तेही बाहेर हिंसाचार चालूच असताना. त्यांना ‘तुला काय कळतंय?’ असं विचारायची कोणाची टाप होती? मला वाटतं, इथल्या लोकांच्या हसण्यात ही एक गोष्ट आत असते: सांगणाऱ्याने काहीतरी भरलेलं आहे. आपण फक्त विमानाचं तिकीट भरलंय.

एक गैरसमज जाता जाता काढून टाकतो. हे भांडण पोप मोठा की बायबल, असं नाही. माझ्या ऑफिसातले निम्मे ‘कॅथलिक’ आणि निम्मे ‘प्रोटेस्टंट’ रविवारी चर्चऐवजी सुपरमार्केटमध्ये भेटतात. ब्रिटनमध्ये राहायचं (बहुतेक प्रोटेस्टंट) की आयर्लंडमध्ये जायचं (बहुतेक कॅथलिक), हा मुद्दा. म्हणून ‘अहो, देव एकच ना शेवटी’ छापाचं सर्वधर्मसमभावी बोलणंही करू नका, त्यावर तर कोणी हसतही नाही. आणि इथे ‘मिक्स्ड मॅरेज’ म्हणजे कॅथलिक-प्रोटेस्टंट लग्न. मी एकदा माझंही मिक्स्ड आहे, बायको विदर्भातली, असं सांगून बघितलं. तो जोक माझ्यापाशीच राहिला.

ऑफिसची बाजू कोरडी आहे पण महत्त्वाची. इथे कंपनीत दहाच्या वर पूर्णवेळ माणसं असली, की कोणत्या समाजाचे किती कर्मचारी आहेत याची नोंद कायद्याने ठेवावी लागते. त्यामुळे पहिल्या दिवशी तुमच्या हातात एक फॉर्म येईल: मी प्रोटेस्टंट समाजाचा, कॅथलिक समाजाचा, की दोन्हींपैकी नाही. दचकू नका, नोकरीतला भेदभाव पकडण्यासाठी आहे तो. तिसऱ्या चौकोनात खूण करा. कोणी काहीच भरलं नाही तर प्राथमिक शाळेवरूनही अंदाज बांधतात, तेव्हा सेंट अमुकतमुकमध्ये शिकला असाल तर खूण करायला विसरूच नका. १९९८ च्या कायद्याप्रमाणे धर्म किंवा राजकीय मत यावरून छळ होत असेल तर ती तक्रार होते, आणि ‘गंमत चालली होती’ हा बचाव तिथे टिकेल या भरवशावर राहू नका. व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षर नको. फॉरवर्ड तर मुळीच नको. सेल्टिक (कॅथलिकांचा) किंवा रेंजर्स (प्रोटेस्टंटांचा) या ग्लासगोच्या फुटबॉल क्लबांचा टीशर्ट घरीच ठेवा. कित्येक पबच्या दारावरही फुटबॉलचे रंग आत चालणार नाहीत असं लिहिलेलं असतं. कॉलवरचे ते दोघे एकमेकांना वीस वर्षं ओळखत असतील, त्यांचं त्यांना माहीत.

घर बघताना भाड्याआधी फुटपाथच्या कडेचे दगड बघा. लाल-पांढरे-निळे रंगवलेले असतील तर ब्रिटनवाली बाजू, हिरवे-पांढरे-भगवे असतील तर आयर्लंडवाली. राहायला दोन्हीकडे चांगली माणसं भेटतील, पण नव्या माणसाने क्वीन्स युनिव्हर्सिटीच्या आसपास सुरुवात करावी, तिथे सगळेच बाहेरचे. शँकिल (प्रोटेस्टंट) आणि फॉल्स (कॅथलिक) या रस्त्यांमधली भिंत एकदा चालत जाऊन बघा. १९६९ पासून अशा भिंती उभ्या राहत गेल्या, २०२३ पर्यंत सगळ्या पाडायचं सरकारने ठरवलं होतं, अजून आहेत, आणि काही दरवाजे रात्री बंद होतात. देवदर्शन हवं असेल तर क्लिफ्टन स्ट्रीटवर इंडियन कम्युनिटी सेंटर आहे, मेथडिस्ट चर्चच्या जुन्या हॉलमध्ये. त्याच रस्त्यावर ऑरेंज हॉलच्या छपरावर घोड्यावर बसलेला प्रोटेस्टंट राजा विल्यम दिसेल, १६९० ची बॉईनची लढाई जिंकलेला. प्रसाद घेऊन बाहेर पडलं की तो वर असतोच.

आणि ते ‘कॅथलिक हिंदू की प्रोटेस्टंट हिंदू’चं उत्तर. मी हल्ली सांगतो, ‘दोन्हीकडच्या सुट्ट्या घेणारा हिंदू.’ १७ मार्चला सेंट पॅट्रिक आणि १२ जुलैला राजा विल्यम, दोन्ही दिवशी इथे सरकारी सुट्टी असते. दिवाळीला मात्र रजा टाकावी लागते.