कॉरिंथ हे नाव आलं कुठून?

प्रश्न : ग्रीसमधल्या कॉरिंथ शहराला झ्यूस देवाचा मुलगा कॉरिंथस याचं नाव मिळालं, असं वाचलं. हे खरं धरावं का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : धरू नये. दुसऱ्या शतकात ग्रीसभर हिंडून प्रवासवर्णन लिहिणाऱ्या पॉसेनियसनंच नोंदवलंय, की कॉरिंथस झ्यूसचा मुलगा होता हे बहुतेक कॉरिंथकर सोडले तर कुणी मनापासून म्हणताना त्याला आढळलं नाही.

खरी खूण नावाच्या शेवटी आहे. मूळ ग्रीक उच्चार 'कोरिन्थोस'. त्यातला 'न्थोस' मोठ्यानं म्हणून बघा. झाकिन्थोस हे बेट, लाबिरिन्थोस म्हणजे भूलभुलैया, हुआकिन्थोस हे फूल, होमरच्या काव्यातला अंघोळीचा टब 'असामिन्थोस'. सगळ्यांचा शेवट तोच, आणि ग्रीक व्याकरणानं त्याची फोड होत नाही. अभ्यासक म्हणतात, ग्रीक बोलणारे तिथं पोचण्याआधी जे लोक राहत होते, त्यांच्या भाषेतले हे शब्द. बेटाला, फुलाला, गावाला नाव होतंच. नव्यांनी ते तसंच उचललं. मला हे फार पटतं. कॉरिंथचा अर्थ ग्रीकमधून लागत नाही तो यामुळेच. मग अर्थ हवा म्हणून राजपुत्र आला.

आपल्याकडेही हेच झालं. मी ३१ वर्षं वर्गात 'सोळा गावं मिळून सोलापूर' असं शिकवलं. आदिलपूर, अहमदपूर, चपळदेव, फतेहपूर... पोरं बोटांची पेरं मोजत म्हणायची. पण सिद्धरामेश्वरांच्या काळातल्या शिलालेखांत गावाचं नाव 'सोन्नलगे' आहे, आणि मोहोळ तालुक्यातल्या कामतीच्या शके १२३८ च्या लेखात 'सोनलीपूर'. सोळाचा कुठं पत्ताच नाही! निवृत्तीनंतर हे वाचलं, तेव्हा त्या सगळ्या पोरांना परत बाकावर बसवून सांगावंसं वाटलं.

आणि हो, द्राक्षं पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्यानं एक लक्षात ठेवावं. इंग्रजीत बारीक मनुकांना 'करंट' म्हणतात, तो शब्द कॉरिंथवरूनच आलाय. मध्ययुगात हा माल 'कॉरिंथच्या मनुका' म्हणून इंग्लंडात जायचा. आपल्या शेडवरचा बेदाणा हिरवट-पिवळा, लांबट. त्यांचा काळा, जेमतेम मिरीएवढा, पण बी त्यातही नसतं.