नाट्यसंग्रह की नाट्यमाला?

एका वाचकाने विचारलं आहे : अमेरिकेत टीव्हीच्या सुरुवातीच्या काळात गाजलेल्या 'अँथॉलॉजी ड्रामा'ला (म्हणजे दर वेळी नवं, स्वतंत्र नाटक दाखवणाऱ्या कार्यक्रमाला) मराठीत 'नाट्यसंग्रह' म्हणावं का? की सरळ 'मालिका'?

'नाट्यसंग्रह' म्हटलं की मला तरी कापडी बांधणीचं पुस्तकच दिसतं. 'संकलन' त्याहून घोटाळ्याचं, कारण पडद्यावरच्या नामावलीत त्याचा अर्थ एडिटिंग. आणि ही नाटकं तर बहुतेक थेट प्रक्षेपित व्हायची! या कॅमेऱ्यावरून त्या कॅमेऱ्यावर जायचं ते तिथल्या तिथे. मागाहून कात्री लावायची सोयच नाही. 'स्टुडिओ वन' या अशाच एका कार्यक्रमात तर मधली फ्रिजची जाहिरातसुद्धा थेट चालायची.

कार्यक्रमांची नावं बघा : 'क्राफ्ट टेलिव्हिजन थिएटर' (१९४७), 'प्लेहाउस ९०' (१९५६). सगळी नाट्यगृहाची नावं. नाट्यगृह तेच, पण दर आठवड्याला नाटक नवं, पात्रं नवी, बहुधा लेखकही नवा. पॅडी चायेफ्स्की या लेखकाचं 'मार्टी' हे नाटक २४ मे १९५३ ला झालं. लग्न न जमलेल्या एका खाटकाची ती गोष्ट त्याच रात्री संपली. पुढच्या आठवड्यात त्याचं काय झालं, हा प्रश्नच नव्हता. (पुढे त्यावर सिनेमा निघाला आणि त्याला ऑस्कर मिळालं, ते वेगळं.)

'मालिका' म्हणजे छोटी माळ, म्हणून अर्थाने ती चुकीची नाही. कसोटी मालिकेत प्रत्येक सामना सुटाच असतो की! पण टीव्हीच्या संदर्भात हा शब्द आता कालचं रडू आज पुढे चालू ठेवणाऱ्यांनी पटकावला आहे. त्यामुळे माझं मत 'नाट्यमाला'ला. व्याख्यानमालेत रोज वक्ता वेगळा, विषय वेगळा, तरी माला एकच. ग्रंथमालेचंही तसंच.

मुळाशीही हे जुळतं. अँथॉलॉजी या ग्रीक शब्दात फुलं वेचणं आहे, आणि मेलिआगर या ग्रीक कवीने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात कविता वेचून जो संग्रह केला त्याचं नावच 'पुष्पमाला' अशा अर्थाचं होतं. आपल्या मुंबई दूरदर्शनवरच्या छोट्या प्रहसनांच्या कार्यक्रमाचं नाव आठवतं ना? 'गजरा'!

वापरताना एवढं पाहा : यातल्या एकेका नाटकाला 'भाग' म्हणू नका, 'नाटक'च म्हणा, भाग म्हटलं की मागचा-पुढचा आला. दर वेळी समोर येऊन गोष्टीची ओळख करून देणाऱ्या हिचकॉकसारख्याला 'निवेदक' चालेल, पण 'सूत्रधार' जास्त शोभतो. माळेचं सूत्र त्याच्याच हातात असतं. आणि 'ट्वायलाइट झोन'सारख्या (१९५९), मुख्यतः फिल्मवर चित्रित केलेल्या छोट्या गोष्टींना 'कथामाला' म्हणा. साने गुरुजींमुळे तो शब्द आपल्या घरचाच आहे.