ऐतिहासिक कादंबरीत खऱ्या माणसांच्या जोडीला लेखकाने बनवलेली घराणी असतात, तर त्यातलं खरं-खोटं कसं ओळखायचं?

माझं माहेर ठाण्याचं, नौपाड्यातलं, आणि हा प्रश्न वाचून मला आमचे मोठे काकाच आठवले, त्यामुळे उत्तर थोडं वाकडं जाणार.

आम्हा भावंडांना लहानपणापासून पाठ असलेली गोष्ट अशी, की १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाण्याचा किल्ला घेतला तेव्हा आमचा मूळपुरुष चिमाजी अप्पांच्या फौजेत होता, आणि दोन वर्षांनी वसई पडल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा नेल्या त्यातल्या एकीला त्याचा खांदा लागला. ती घंटा आता वाईजवळ मेणवलीला आहे, तिथे गेलो की काका तिच्यासमोर दोन मिनिटं हात जोडून गप्प. ठाण्याचा किल्ला म्हणजे आता सेंट्रल जेल, आत कोण सोडतंय, मग गावाकडचे पाहुणे आले की त्यांना बाहेर रस्त्यावर उभं करून भिंतीकडे बोट दाखवत सगळा पराक्रम सांगायचे. एकदा हवालदाराने येऊन विचारलं, कोणाला भेटायचंय? तरी थांबले नाहीत. मी स्वतः सातवीत वक्तृत्व स्पर्धेत हेच ठोकून दुसरा नंबर आणलाय.

काही वर्षांपूर्वी भावकीने कुलवृत्तांत काढायचा ठरवला. टायपिंग अर्थातच माझ्याकडे, कारण मी बँकेत म्हणजे मला कॉम्प्युटर येतो. त्याच दिवसांत नेरुळला आमच्या सेक्टरमधल्या रद्दीवाल्याकडे एक बाइंडिंग सुटलेली कादंबरी मिळाली, सहज चाळली तर तिसाव्या पानावर आमचं आडनाव. पुढे मूळपुरुषाचं नाव तेच, घंटा तीच, घोडीचं नावसुद्धा तेच! मग सुरुवातीचं मनोगत वाचलं, जे कोणीच वाचत नाही, तर शेवटच्या परिच्छेदात लेखकाने सरळ लिहिलंय की हे घराणं पूर्णपणे काल्पनिक आहे. आत्याला फोन केला. ती हसत म्हणाली, अगं, दादा कॉलेजात असताना हे पुस्तक रोज रात्री आम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचा.

काकांना सांगितलं तर म्हणे, मग त्या लेखकाला कुठून कळलं? आपल्याच घरातून कोणीतरी सांगितलं असणार. आता यावर काय बोलणार. मी तरी बोलले, तर वर ऐकून घेतलं की तुझं आता आडनाव वेगळं, तुला कशाला उठाठेव.

गंमत म्हणजे खरा कागद घरातच होता. आजीच्या ट्रंकेत मोडीतला एक तुकडा होता, तो मी वाचून घेतला तर निघालं गहाणखत. पणजोबांच्या आजोबांनी दोन फणसाची झाडं गहाण टाकून पैसे उचलले होते. मला तर भरून आलं. काका म्हणाले, कर्जाचं काय छापायचं.

तर तुमचा प्रश्न. माझं स्पष्ट मत, बनवलेलं घराणं हे कादंबरीतलं सगळ्यात कमी खोटं असतं. ते बनवलंय हे लेखक बहुतेकदा सांगतो तरी. खरा घोळ असतो खऱ्या माणसांच्या तोंडच्या संवादांत. पानिपतला तंबूत सदाशिवरावभाऊ आणि पार्वतीबाई रात्री एकमेकांशी काय बोलले ते लिहून घ्यायला तिथे कोण बसलं होतं? पण आपण नेमकं तेच खरं धरून चालतो, आणि पुढे लग्नाच्या पंगतीत इतिहास म्हणून सांगतो.

बाकी ओळखायला मी एवढंच करते, की काल्पनिक नायकाचं वय मोजते. वसईला १७३९ मध्ये विशीतला असलेला गडी पानिपतला बेचाळीसचा होतो, आणि १७७३ ला नारायणरावांच्या खुनाच्या वेळी चोपन्नचा, तरी तो प्रत्येक ठिकाणी दाराआड हजर आणि तरणाबांडच असेल तर समजा की लेखकाला फक्त एक डोळा हवा होता सगळं बघायला. यात चूक काही नाही, पण त्याला कोणी आपला पूर्वज करू नये. आणि खरंच शंका आली तर कागद आहेत की, इतिहासकार गो. स. सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे, म्हणजे पेशव्यांच्या कारभारातल्या निवडक कागदपत्रांचे, ४५ खंड छापलेले आहेत, वसईच्या मोहिमेची पत्रंसुद्धा त्यात आहेत. मोठ्या लायब्ररीत विचारा. रुक्ष आहेत, पण एखाद्या पत्रात दारूगोळा मागितलेला वाचताना जो काटा येतो तो कादंबरीत नाही येत.

आता हे सगळं वाचून कादंबऱ्या सोडू नका बरं का. मी इतिहासवाली नाही, आणि त्या पुस्तकामुळेच मला पोर्तुगीज ठाण्यात होते हे शाळेच्या आधी कळलं, हेही खरं. लेखकावर माझा राग नाहीच.

कुलवृत्तांत छापून आला. घंटा आहे, फणस नाहीत. काका, कोणी हे तुम्हाला फॉरवर्ड केलंच तर सांगते, दुसऱ्या आवृत्तीत ते गहाणखत घ्या. घंटा पण राहू दे हवं तर, फक्त खाली लिहा कुठल्या पुस्तकातून उचलली ते.