ओरखडा लहान दिसला तरी इम्युनोग्लोब्युलिनची चौकशी सोडू नका

ताई, रविवारी आमराईत आपल्या चार वर्षांच्या मुलीला कुत्र्याच्या पिल्लाने गालावर ओरबाडले, रक्त आले, सोमवारी रेबीजची लसही मिळाली, पण ‘पिल्लूच तर होते, एवढे पुरे आहे’ असे सांगून आपल्याला घरी पाठवण्यात आले, हे वाचून राहवले नाही. सांगलीजवळच्या हरिपूरला संगमावर फिरायला गेलो असताना आमच्या मुलाच्या हातातल्या बिस्किटावर एका कुत्रीने झडप घातली, तेव्हा आमच्याही वाट्याला असेच उत्तर आले होते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे आपल्या बालरोगतज्ज्ञांचा शब्दच अंतिम समजावा.

जखम साबणाने धुणे वगैरे आपण केलेच असेल, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. आम्ही गेलो त्या रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवरच जखम न पाहता ‘ओरखडा’ असे लिहिले गेले आणि पुढचे सारे त्या कागदावर ठरले. इंजेक्शनच्या खोलीत बोटाभोवती गुंडाळलेला रुमालसुद्धा कोणी सोडून पाहिला नाही. रक्त त्याच्या वरच्या घडीपर्यंत आले होते. लसीची बाटली एकदा फोडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून आणखी रुग्ण जमेपर्यंत आम्हाला बाकावर बसवून ठेवले. लस वाया जाऊ नये, हे समजण्यासारखे आहे. मात्र इम्युनोग्लोब्युलिनबद्दल, म्हणजे जखमेतल्या विषाणूला रोखणाऱ्या तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनबद्दल, विचारल्यावर ‘गरज नाही’ असे जे उत्तर मिळाले, त्याचा राग आजही जात नाही. साठा संपला असेल तर तसे स्पष्ट सांगावे, आईबाप मिरजेला किंवा कोल्हापूरला धावतील. ‘गरज नाही’ म्हटल्यावर माणूस निर्धास्त होऊन घरी जातो आणि हाताशी असलेले मोलाचे दिवस निघून जातात. त्याच संध्याकाळी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रुमाल सोडून पाहिला आणि तातडीने इम्युनोग्लोब्युलिन घ्यायला पाठवले.

रेबीजच्या उपचारासाठी जखमांच्या श्रेणी ठरलेल्या आहेत. रक्त न आलेला किरकोळ ओरखडा दुसऱ्या श्रेणीत मोडतो आणि त्याला लस पुरते. त्वचा फाटून रक्त आले की जखम तिसऱ्या श्रेणीत जाते आणि लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. लसीमुळे शरीरात प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो, तोवर जखमेतल्या विषाणूला तिथेच रोखण्याचे काम इम्युनोग्लोब्युलिनमधली तयार प्रतिपिंडे करतात. चेहऱ्यावरच्या जखमेत विषाणूला मेंदूपर्यंतचे अंतर कमी असते, म्हणून गालाच्या बाबतीत मी जराही थांबलो नसतो. पिल्लू लहान होते, ही सबब तर मला मुळीच पटत नाही, कारण पिल्लालाही रेबीज होऊ शकतो. ते दहा दिवस नजरेखाली ठेवता आले तर उत्तमच, पण त्या भरवशावर उपचार अडवून ठेवू नयेत.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. लस त्वचेत देत असतील तर ०, ३, ७ आणि २८ हे दिवस असतात (० म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), स्नायूत देत असतील तर त्यात १४वा दिवस वाढतो; आपली कोणती पद्धत आहे ते केसपेपरवर तारखांसह लिहून घ्या, कारण सुट्टीच्या दिवशी नवा माणूस भेटला की गोंधळ होतो. इंजेक्शन कुल्ल्यावर मात्र देऊ देऊ नका, तिथे लसीचा परिणाम कमी होतो.

पहिल्या दिवशी इम्युनोग्लोब्युलिन राहून गेले असेल तर ते लसीच्या पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत देता येते, त्यानंतर देत नाहीत. आपला पहिला डोस सोमवारचा आहे, म्हणजे अजून वेळ आहे. उद्या गुरुवारी दुसऱ्या डोससाठी जालच, तेव्हा गालावरची जखम डॉक्टरांना स्वतः पाहायला लावा, रक्त आले होते हे केसपेपरवर लिहून घ्या आणि इम्युनोग्लोब्युलिन तिथे नसेल तर कुठे मिळेल ते विचारून तिथे आधी फोन करूनच निघा. मुलीचे वजन आजच घरी करून ठेवा, इम्युनोग्लोब्युलिनची मात्रा त्यावरच ठरते. ते जखमेत आणि जखमेच्या कडेने टोचतात, ती रडेल, तेव्हा तिला धरायला घरातले आणखी कोणीतरी सोबत न्या.