कोडिंग येत नसेल तर वेबसाइट बिल्डर पुरतो का? कुठे अडतं?

वेबसाइट बिल्डर, म्हणजे कोड न लिहिता साइट बांधायचं तयार साधन, छोट्या साइटला पुरतो. पहिलं पान तासाभरातही उभं राहतं. खरी अडचण घर बदलताना कळते. विक्स या बिल्डरवर बांधलेली साइट जशीच्या तशी उचलून दुसऱ्या होस्टिंगवर (साइट ठेवायच्या जागेवर) नेता येत नाही, आणि एकदा घेतलेलं टेम्प्लेट (मांडणीचा तयार नमुना) त्याच साइटवर बदलताही येत नाही. स्क्वेअरस्पेस हा दुसरा बिल्डर काही मजकूर एक्सएमएल फाइलमध्ये (दुसरीकडे नेता येईल अशा स्वरूपात) देतो, पण मांडणी मागेच राहते. इतकी मेहनत अशी अडकलेली पाहून मला फार वाईट वाटतं. म्हणून डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर, शक्यतो वेगळ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे) घ्या. बिल्डर सोडला तरी पत्ता तुमचाच राहतो. लेख आणि मूळ फोटोंची प्रत पहिल्या दिवसापासून स्वतःच्या संगणकावर ठेवा. फुकट योजनेत बहुधा स्वतःचं डोमेन जोडता येत नाही, तेवढं आधी तपासा.