पिरस नेमका कुठे हरला?

प्रश्न : सर, ‘पिरिक विजय’, म्हणजे जिंकूनही हरल्यासारखा महागात पडलेला विजय, हा शब्द अग्रलेखात वाचला. पिरसने रोमनांना हरवलं होतं ना? मग त्याचं नाव असं नुकसानीला का चिकटलं?

उत्तर : शंका रास्त आहे. पिरस हा एपायरसचा, म्हणजे आजच्या वायव्य ग्रीस आणि दक्षिण अल्बेनियाच्या भागाचा राजा. इ.स.पू. 280 मध्ये रोमशी भांडण झालेल्या दक्षिण इटलीतल्या टॅरेंटम या ग्रीक शहराच्या हाकेला धावून 20 हत्ती घेऊन तो इटलीत उतरला. हेराक्लियाला जिंकला, पुढच्या वर्षी आस्क्युलमलाही. तिथे रोमनांचे 6,000 पडले, त्याचे 3,505, असा आकडा प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्क देतो. आकड्यांत तो सरसच. पण पडलेल्यांत त्याचे घरून आणलेले सरदार होते, जिवाभावाचे मित्र होते. त्यांच्या जागी उभं करायला माणूस नव्हता. रोमनांची छावणी मात्र झऱ्यासारखी पुन्हा भरायची. कुणी अभिनंदन केलं तेव्हा तो म्हणाला, आणखी एक असा विजय मिळाला तर आपण संपलोच. शाळेत हा धडा शिकवताना मी मुलांना आधी दोन्ही आकडे फळ्यावर लिहायला लावायचो आणि मग विचारायचो, उद्या सकाळी कोणाकडे किती?

पुढे ते काम अर्धवट टाकून तो सिसिलीत गेला. तिथलं कार्थेजवाल्यांचं तटबंदीचं शहर लिलिबियम काही पडलं नाही. परतला, इ.स.पू. 275 मध्ये बेनेव्हेंटमला रोमनांनी मागे रेटलं, आणि 8,000 पायदळ नि 500 घोडेस्वार घेऊन तो घरी आला. मला त्याची खरी खोट इथे दिसते. हातातलं टिकवण्याआधीच त्याची नजर पुढच्या मुलखावर जायची.

इ.स.पू. 272 मध्ये स्पार्टावर चालून गेला, तर तिथल्या बायकांनी पुरुषांबरोबर रात्रीत खंदक खणला. तिथून आर्गोस या दुसऱ्या ग्रीक शहरावर. रात्री वेस उघडली गेली, पण अंबाऱ्यांसकट हत्ती आत मावेनात. अंधारात अंबाऱ्या उतरवा, पुन्हा चढवा, यात शहर जागं झालं. माघारीच्या वेळी सर्वांत मोठा हत्ती वेशीतच आडवा पडला. निकॉन नावाचा दुसरा हत्ती आपला पडलेला माहूत शोधत उलटा फिरला, त्याला सोंडेने उचलून सुळ्यांवर घेतलं आणि वाटेत येईल त्याला तुडवत निघाला. ज्या हत्तींच्या जोरावर हेराक्लिया जिंकलं, त्यांनीच गल्ली अडवली. त्या गर्दीत एका तरुणाने पिरसला भाल्याने किरकोळ जखम केली. पिरस त्याच्यावर वळला. त्या तरुणाची म्हातारी आई छपरावरून बघत होती. तिने दोन्ही हातांनी कौल उचललं आणि राजाच्या मानेवर टाकलं.