आधी घरचा दिवा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. जेरुसलेमहून शिकून परतल्यापासून तू आईच्या हातचे जेवत नाहीस, आहाराचे धर्मनियम काटेकोर पाळायचे म्हणून स्वतःचे वेगळ्या भांड्यांत शिजवतेस आणि त्यामुळे घरात अबोला आला आहे, हे तुझ्या पत्रावरून कळले. तोरा, म्हणजे आपले धर्मशास्त्र, पाळावी की आईचे मन राखावे, असे तू विचारतेस. मला हा प्रश्नच मान्य नाही.

तालमूद, म्हणजे आपल्या गुरुजनांच्या धर्मचर्चांचा ग्रंथ, त्याच्या शब्बाथ प्रकरणात रावा या गुरूंचा एक निर्णय आहे. गरिबाजवळ एकाच दिव्यापुरते पैसे असतील, तर त्याने हनुक्का या सणाचा दिवा लावावा की शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवसाच्या, रात्रीचा घरचा? रावा म्हणतात, घरचा. आणि कारण देतात ते घरातल्या शांतीचे, शालोम बायितचे. हनुक्काचा दिवा देवाच्या चमत्काराची साक्ष जगाला देतो, तरीही अंधारात बसणाऱ्या घरच्या माणसांचे क्लेश रावांनी अधिक मानले. किद्दुशच्या, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाच्या, द्राक्षरसापेक्षाही त्यांनी हाच दिवा वर ठेवला. आधी घरचा दिवा, मुली.

यावर तू तोरेतल्या लेवीय ग्रंथाचा एकोणिसावा अध्याय पुढे करशील, हे मला ठाऊक आहे. आईबापांचे भय धरा आणि माझे शब्बाथ पाळा, असे तिथे एकाच वचनात सांगितले आहे, आणि आईबापांनी शब्बाथ मोडायला सांगितले तर ऐकू नये, असा अर्थ गुरुजनांनी त्यावरून काढला. तो अर्थ खरा आहे. पण तुझ्या आईने तुला काय मोडायला सांगितले? तिने फक्त जेवायला वाढले.

तिचे स्वयंपाकघर तू नीट पाहिलेस का? मीठ लावून रक्त काढल्याखेरीज तिथे मटण शिजत नाही, मांसात जनावराचे दूध मिसळू नये म्हणून रश्शात नारळाचेच दूध पडते, आणि आपल्याला वर्ज्य असलेल्या कोळंबी-खेकड्यांनी भरलेल्या कोकणच्या बाजारातून घरी येते ती खवल्यांची मासळी. आपल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, पूर्वजांकडे कित्येक शतके ना तालमूद होता ना रब्बी, म्हणजे धर्मगुरू. तरी शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले आणि प्रत्येक विधीत शेमा, म्हणजे देव एकच आहे ही प्रार्थना, म्हटला गेला. हे सारे घराघरांतल्या आयांनी टिकवले. पुढे इस्राएलमध्ये लग्न लावण्यापूर्वी तिथल्या रब्बींनी आपल्या माणसांच्या वंशाची चौकशी सुरू केली, तेव्हा आपण सर्वार्थाने ज्यू आहोत हे 1964 मध्ये तिथल्या संसदेला जाहीर करावे लागले. परक्यांनी घेतलेली ती परीक्षा आता तू आपल्याच आईची घ्यावीस, हे मला सहन होत नाही.

माझे भाऊ इस्राएलला गेले. मी म्हाताऱ्या आईसाठी अलिबागेत राहिलो. हिब्रू नीट शिकायचे राहून गेले, मूळ ग्रंथ तुझ्यासारखे वाचता येत नाहीत, याची खंत आजही आहे. पण त्या राहण्याला कुणी धर्मातली कसूर म्हटले, तर मी ते कधीच मान्य करणार नाही. तिच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत घरात दिवा लागला, आणि तीही उपासनाच होती. पुन्हा निवडायची वेळ आली तरी मी हेच निवडेन.

तुझे शिक्षण टाकून दे, असे मी म्हणत नाही. बाप तोरेविरुद्ध वागला तर 'बाबा, तुम्ही चुकलात' असे म्हणू नये, तोरेतले वचन त्याच्यासमोर मांडावे आणि त्याला लाज वाटू देऊ नये, असे तालमूदच्या किद्दुशीन प्रकरणात सांगितले आहे. इतके शिकलेल्या तुला हे कुणी शिकवले नाही का? शंका असलेल्या पदार्थाबद्दल आईला विचार, पण तिला सुनावू नकोस. वेगळी भांडी हवीच असतील तर तिला घेऊन बाजारात जा आणि ती तिच्याच हाताने मांडून घे. येत्या शुक्रवारी किद्दुशसाठी काळ्या मनुकांचे शरबत तिला करू दे आणि दिवा तिच्यासोबत लाव. आधी तेवढे कर. ग्रंथांवर आपण नंतर वाद घालू, मी तयार आहे.

अबोला सुटला की एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने घरी पोह्यांचा मलिदा करा आणि दिवस ठरला की मला कळव. मी येईन.

तुझा काका